गणपतीमागचं दार

आमच्या मराठी मंडळाच्या हॉलला दोन दारं आहेत. पुढचं हिमायतनगरच्या रस्त्याकडे उघडतं आणि अरुंद आहे. मागचं चांगलं दोन फळ्यांचं, अंगणात उघडणारं. या मागच्या दारापायी मी गेल्या गणपतीत हैदराबादच्या निम्म्या मराठी माणसांशी भांडलो. घरची सूनही त्यातून सुटली नाही.

मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं दारूगोळ्याच्या डेपोत गेली. शेवटचं पोस्टिंग सिकंदराबादचं, म्हणून तिथेच घर केलं, शिकवण्याची परीक्षा दिली आणि शाळेत विज्ञान शिकवू लागलो. आता शाळाही सुटली. रविवारी वस्त्यांमधून आग लागली तर काय करावं, भाजलेल्याला काय लावू नये, हे फुकट सांगत हिंडतो. लोक ऐकून घेतात, चहा पाजतात आणि माझी पाठ वळली की भरलेला सिलिंडर पुन्हा जिन्याखाली नेऊन ठेवतात. पालथ्या घड्यावर पाणी. तरी पुढच्या रविवारी मी जातोच.

मंडळात माझ्याकडे लहान मुलं असतात. त्यांना मराठी शिकवायचं आणि गणपतीत त्यांचं नाटक बसवायचं. बऱ्याच जणांना मराठी वाचता येत नाही, म्हणून संवाद मी म्हणतो आणि ती माझ्यामागून म्हणतात. गेल्या वर्षी नातीला राजाचं काम मिळालं होतं. मिशी लावून ती घरभर हुकूम सोडत फिरायची.

दाराचं बोलणं मी मिटिंगमध्येच करून घेतलं होतं. मखर बाजूच्या भिंतीला, मागचं दार आग लागली तर बाहेर पडायला मोकळं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आदल्या दिवशी मी स्वतः जमिनीवर खडूने रेघ मारून आलो. चतुर्थीला घरचा गणपती बसवून हॉलवर पोचलो, तर आरती चालू होती आणि मखर नेमकं मागच्या दारासमोर. पडदे, कागदी फुलं, बेगम बाजारातून आणलेल्या दिव्यांच्या माळा, एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचून ओढलेल्या वायरी. मधोमध बाप्पा. दाराची कडीसुद्धा दिसत नव्हती.

आरती संपेपर्यंत मी टाळ्या वाजवत उभा राहिलो. मग अध्यक्षांना बाजूला घेतलं. ते मसाल्याचे व्यापारी, तीन पिढ्या इथलेच, माणूस दिलदार.

"हे इथे कसं आलं?" मी विचारलं.

"बाजूला बसवलं तर देवाचं तोंड दक्षिणेला होतंय म्हणे साहेब. सकाळी एकानं विषय काढला, मग सगळेच सुरू झाले. पूर्वेला केलं, बरं झालं."

"मला फोन का नाही केला?"

"तुम्ही चिडता म्हणून."

"मग आता हलवा."

"आता कसं हलवता हो? प्राणप्रतिष्ठा झाली की."

इथे मी अडकलो. मी नास्तिक असतो तर सोपं होतं. पण एकदा प्रतिष्ठापना झाली की विसर्जनापर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही, हे मला आईने शिकवलं आणि मी मुलाला शिकवलं. चार जणांनी उचललं असतं तर क्षणाचं काम. हात कोणी लावायचा? मीही लावला नाही. आमच्या डेपोत मंदिर कुंपणाच्या बाहेर होतं. समई, उदबत्ती, कापूर सगळं तिकडे. आत काडेपेटी घेऊन बड्या साहेबालाही सोडत नसत, आणि देवाने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

मी गुरुजींना गाठलं. म्हटलं, घरोघरी दीड दिवसाचा गणपती असतोच, उद्या उत्तरपूजा करून मूर्ती हलवता येईल का? गुरुजी म्हणाले, शास्त्रात बसतं. एवढं बोलून त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

"नक्को साहेब," अध्यक्ष म्हणाले. "आजोबांपासून दहा दिवसांचा आहे. माझ्या वेळेला दीड दिवसात उठवला तर लोक काय म्हणतील? काय होत नाही, कायकू टेन्शन घेता?"

'काय होत नाही' या तीन शब्दांचा मला मनस्वी संताप येतो. सगळं जळून गेल्यावरही हेच लोक 'असं होईल असं वाटलं नव्हतं' म्हणतात. मी सरळ सांगितलं, मागचं दार बंद असेल तर मुलांचं नाटक हॉलमध्ये होणार नाही, अंगणात करू. अंगणात महाप्रसादाच्या चुली लागणार होत्या. मग नाटकच नाही, मी म्हणालो आणि घरी आलो.

घरी सून वाट पाहत होती. मुलांच्या आयांचे फोन येऊन गेले होते.

"बाबा, मुलांनी दोन महिने मेहनत केलीय. तुम्ही नसाल तर मी बसवते नाटक."

"बसव. मी त्या हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही."

"आजोबा, तुम्ही येणार नाही?" नातीने विचारलं. मी ताट पुढे ओढलं.

नाटकाच्या संध्याकाळी मी गेलो, पण आत शिरलो नाही. शाळेतून मागून आणलेलं आग विझवायचं नळकांडं आणि वाळूची बादली घेऊन पुढच्या दारात उभा राहिलो. उंबऱ्यासमोर चपलांचा डोंगर झाला होता. चपला दोन्ही बाजूंना सारून मधे वाट केली. लोक येत होते, वाटेतच चपला काढत होते, मी पुन्हा सारत होतो.

आत माझं नाटक चाललं होतं. मला फक्त उभ्या माणसांच्या पाठी दिसत होत्या आणि त्यांच्या डोक्यांवर मखराचा वरचा भाग. एक पोरगा अडकला तेव्हा त्याचा संवाद मी बाहेर पुटपुटलो. राजा आला, हे आवाजावरून कळलं. मग एकदम सगळा हॉल हसला, तसा प्रसंग मी बसवलेला नव्हता. वाकून पाहावंसं फार वाटलं. पण मखराच्या पडद्यावरची दिव्यांची एक माळ मघापासून मधेच विझत, मधेच पेटत होती. मी नजर तिच्यावरच ठेवली.

काही झालं नाही. लोक हसत बाहेर आले आणि चपला कोणी हलवल्या म्हणून करवादले. अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवला. "पाहा साहेब, झालं का काही?"

काही व्हावं अशी माझी इच्छा थोडीच होती? पण झालं नाही म्हणूनच पुढच्या वर्षीही मखर तिथेच बसणार, हे मला तेव्हाच कळलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

गर्दीतून नात धावत आली. मिशी तिच्या हातात होती.

"आजोबा, मिशी पडली तेव्हा मी काय केलं, बघितलंत?"

"नाही बाळा."

"मग तुम्ही काय बघत होतात?"

मी मखरावरच्या दिव्यांच्या माळांकडे बोट दाखवलं. तिने वळून बराच वेळ पाहिलं.

"छान आहेत," ती म्हणाली आणि आईकडे निघून गेली.