वजनाच्या दिवशी घेतलेली सही

आमदारांना सभागृहात खोटं ठरवलं गेलं ते माझ्या अक्षरामुळं. ही गोष्ट मी चारचौघांत बऱ्याचदा सांगितली आहे, पण दर वेळी त्यात एक वाक्य घालून : साहेबांनी दबाव आणला. साहेब, म्हणजे तेव्हाचे माझे वरिष्ठ, आता नाहीत. मागच्या महिन्यात एका लग्नात त्यांचा मुलगा भेटला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे." मी ताट तसंच ठेवून घरी आलो. साहेबांनी दबाव आणला नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत लिपिक होतो. तालुक्याचं नाव लिहीत नाही. अंगणवाड्यांच्या फायली माझ्याकडं होत्या. पर्यवेक्षिकांच्या जागा रिकाम्या, त्यामुळं केंद्रांच्या जागा बघायलाही मलाच धाडायचे. अशाच एका पाहणीला श्रावणात मी डांबरी रस्ता सोडून तासभर चालत एका वाडीत गेलो.

तिथली अंगणवाडी गोठ्यात भरत होती. सकाळी म्हशी बाहेर काढायच्या, शेण भरायचं, जमीन झाडून पोती अंथरायची आणि त्यावर मुलं बसवायची. सेविका चाळिशीची. नवरा कबनूरला यंत्रमागावर कामाला, पंधरा दिवसांनी घरी यायचा. खिचडीला सरपण ती स्वतःच्या घरचं आणायची, कमी पडलं तर वाडीत मागायची. मानधन किती मिळतं हे मला ठाऊकच होतं, ते कधी मिळतं हे तिनं सांगितलं. "दिवाळीचं शिमग्याला," म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "शेतात भांगलायला गेले आस्ते तर ह्याच्यापरीस जास्त मिळालं आस्तं, भाऊसाहेब. पर ही पोरं कुनी बघायची? म्हशींनी?"

परत आल्यावर मी दीड पानाची टिपणी लिहिली. नोकरीत लिहिलेल्या कागदांपैकी एवढा खरा कागद दुसरा नसेल. मूळ प्रत फायलीला लावली, कार्बन प्रत माझ्या खणात ठेवली.

आमदार विरोधी पक्षाचे होते. एसटीनं यायचे आणि कचेरीसमोरच्या चहाच्या गाड्यावर बाकावर बसायचे. कोणी ओळखीचं असो वा नसो, "काय पावणं, सरकार बरं चाललंय न्हवं?" असं मोठ्यानं विचारायचे. शाळेची शंभर पानी वही जवळ असायची, तिच्यात लोकांची गाऱ्हाणी शिसपेन्सिलीनं उतरून घ्यायचे. आम्ही कर्मचारी त्यांच्यापासून चार हात लांब राहायचो. टिपणी लिहिल्यानंतर ते पहिल्यांदा आले, तेव्हा मात्र मी त्यांच्या शेजारी बसलो आणि कार्बन प्रत त्यांच्या वहीत सरकवली.

त्यांनी तिथंच वाचली. दोनदा वाचली.

"हे तुमीच लिवलंय?"

"होय. पण माझं नाव..."

"तुमचं नाव माझ्या तोंडातनं येनार न्हाय. पर एक सांगा, ह्यातलं एक तरी अक्षर वाढवून लिवलंय का?"

"नाही."

"मग मी जाऊन बगायची गरज न्हाय. तुमी बगितलंय की."

चहाचे पैसे त्यांनीच दिले. त्या संध्याकाळी मी स्वतःवर फार खूश होतो. घरी बायकोला म्हटलंसुद्धा, "आज एक चांगलं काम केलं."

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन लागलं. एका सकाळी जिल्ह्याहून फॅक्स आला : तारांकित प्रश्न, उत्तर सायंकाळी पाचपर्यंत. प्रश्नाचे चार भाग होते. अमुक तालुक्यातील अमुक वाडीत म्हशी बाहेर काढून, शेण भरून, पोती अंथरून अंगणवाडी गोठ्यात भरते, हे खरे आहे काय? सेविकांना तुटपुंजे मानधन महिनोन्‌महिने उशिरा मिळते, हे खरे आहे काय? सरपण त्यांना पदरचे आणावे लागते, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली? 'म्हशी बाहेर काढून, शेण भरून, पोती अंथरून' हे शब्द जसेच्या तसे माझे होते.

अशा प्रश्नांना आमच्याकडं तीनच उत्तरं असत : हे खरे आहे, हे अंशतः खरे आहे, हे खरे नाही. पहिलं कोणी लिहीत नसे. तिसरं लिहिलं की उरलेल्या सगळ्या भागांपुढं 'प्रश्न उद्भवत नाही' एवढं टाकून मोकळं होता यायचं.

साहेब म्हणाले, "अंशतः खरे आहे, असं लिहा. इमारतीचा प्रस्ताव पाठवतोय म्हणा. तुमची टिपणी आहे ना फायलीला, ती जोडा. बिचाऱ्यांना छप्पर तरी मिळेल."

साहेबांचे शब्द हे असे होते. आज ते मी जसेच्या तसे लिहितो आहे.

माझ्या मनात एकच गोष्ट होती. टिपणी जोडली की प्रश्न आणि टिपणी शेजारी शेजारी ठेवून कोणीही ओळखलं असतं की कागद कुठून फुटला. माझी बढती त्या वर्षी ठरत होती. पोरगी कॉलेजात होती. मी म्हणालो, "साहेब, ती टिपणी जुनी आहे. आता तिथं सगळी दुरुस्ती झाली आहे. मी जाऊन सेविकेचा जबाबच घेऊन येतो."

"नक्की?"

"नक्की."

साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. जाण्याआधी मी टिपणीची मूळ प्रत फायलीतून काढून फाडली. जबाबही कचेरीतच लिहून घेतला : केंद्राची जागा सुस्थितीत आहे, मानधन वेळेवर मिळते, सरपणाची अडचण नाही, माझी काहीही तक्रार नाही. मग कचेरीतल्या शिपायाची मोटारसायकल घेऊन कोरड्या पायवाटेनं वाडीवर गेलो.

तो मुलांच्या वजनाचा दिवस होता. गोठ्याच्या वाशाला ताणकाटा टांगलेला, त्याच्या झोळीत एक पोर रडत होतं. सेविका एका हातानं त्याचे पाय धरून काट्यावरचा आकडा वाचत होती. मी कागद पुढं केला.

"छपराचा प्रस्ताव आहे. सही लागते. आजच पाठवायचा आहे."

"व्हय? मंजूर हुतंय म्हना की!" तिचा चेहरा एकदम उजळला. "वाचून दावा जरा, भाऊसाहेब. हात मोकळा न्हाय माझा."

"घाई आहे. तुमच्या फायद्याचंच आहे."

"तुमी लिवलंय म्हंजे बरोबरच आसंल की."

तिनं पोराला कडेवर घेतलं, वजनाच्या रजिस्टरवर कागद ठेवला आणि सही केली. अक्षर वळणदार होतं. वर म्हणाली, "च्या घिऊन जावा." मी थांबलो नाही.

उत्तर वेळेत गेलं. पुढं काय झालं ते दोन दिवसांनी पेपरात आतल्या पानावर आलं. मंत्र्यांनी उत्तर वाचलं : हे खरे नाही. आमदार अडून बसले. मंत्र्यांनी सेविकेचा जबाब काढून वाचला आणि विचारलं, सन्माननीय सदस्य स्वतः त्या वाडीत गेले होते काय? आमदार म्हणाले, गेलो नव्हतो. मग ही माहिती कोणी दिली? त्यावर ते गप्प राहिले. सत्ताधारी बाकांवर हशा पिकला, असं कंसात छापलं होतं.

माझी दीड पानं त्या वेळी त्यांच्या वहीत होती. ती काढून दाखवली असती तर हसणाऱ्यांचं तोंड बंद झालं असतं.

अधिवेशन संपल्यावर ते तालुक्याला आले, तेव्हा मी खिडकीतून त्यांना बघितलं आणि बाहेर गेलो नाही. तेच आत आले. सगळी कचेरी उभी राहिली. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. माझ्या टेबलापाशी येऊन दुमडलेला कागद माझ्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "मी वाडीत जाऊन आलो. पयल्यांदाच जायाला पायजे हुतं, ती चूक माझी. हे तुमचं तुमच्यापाशी ठेवा. माझ्याकडं ऱ्हायलं तर कवातरी रागाच्या भरात भाईर काढीन. मानूसच हाय मी बी."

"त्या बाईंना..." मी सुरुवात केली.

"तिला म्या सांगितलं, काय वाचलं गेलं ते. तुमचं नाव तिनं घेतलं न्हाय, म्याबी इचारलं न्हाय."

ते गेल्यावर शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "काय हो, आमदार काय कुजबुजत होते?" मी म्हणालो, "बदलीचं काम होतं कोणाचं तरी."

यानंतरही ते गाड्यावर बसायचे, पण कोणी लिहिलेला कागद त्यांच्या वहीत सरकवायला लागला की म्हणायचे, "नगं, मी जाऊन बगतो." निवडणूक ते पुढं हरले. त्याला माझा कागद कारण होता असं मी म्हणणार नाही. पण प्रचारात समोरच्यांनी तो हशा पुन्हा पुन्हा ऐकवला, हे मी ऐकलं आहे.

सेविकेला वाडीतले लोक काय म्हणत होते ते मला एका मदतनीस बाईनं सांगितलं. "बाई, तुझं समदं झ्याक हाय म्हनं! मग आमच्याकडं लाकडं कशापायी मागतीस?"

एवढ्यावरच थांबलं असतं तर मी याला भित्रेपणा म्हटलं असतं. पण काही वर्षांनी मला दुसरी संधी आली. बढती मिळून मी कोल्हापूरला गेलो होतो. अंगणवाड्यांच्या इमारतींची यादी माझ्या टेबलावर होती. नव्यानं आलेल्या तरुण अधिकारी बाईंनी विचारलं, "या वाडीचं नाव यादीत का नाही? नकाशात तर केंद्राला जागाच दिसत नाही." मी जुनी फाईल काढली आणि त्यांना उत्तर दाखवलं. "सभागृहात तसं उत्तर गेलंय, मॅडम. जागा सुस्थितीत आहे म्हणून. आता आपण उलटं कसं लिहिणार?" त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. सभागृहात गेलेल्या उत्तराविरुद्ध लिहायला खालचा अधिकारी धजत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी त्या भीतीमागं लपलो. त्या वेळी कोणी माझ्या बढतीवर बसलेलं नव्हतं.

सेविका वय होईपर्यंत त्याच गोठ्यात मुलं बसवत राहिली. ती घरी बसल्यानंतर वाडीला इमारत मिळाली. तिला पेन्शन नाही. माझी दर महिन्याला येते.

लग्नातून ताट सोडून आलो त्याच आठवड्यात मी सगळं लिहून काढलं : टिपणी कोणी फाडली, जबाब कोणी लिहिला, काय सांगून सही घेतली. जिल्ह्याच्या कचेरीत द्यायचं ठरवलं. त्याआधी तिला दाखवायला हवं होतं. वाडीपर्यंत आता रस्ता झाला आहे. ती दारातच शेंगा फोडत बसली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"बसा, भाऊसाहेब," म्हणाली.

मी कागद दिला. तिनं चष्मा मागवला, हात पदराला पुसले आणि वाचायला लागली. ओळीखाली बोट धरून, सावकाश. मी समोर बसून राहिलो. मधे सून चहा ठेवून गेली, तो गार झाला. दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"हितं चुकलंय. 'गोठ्याजवळ' लिवलंय तुमी. जवळ न्हवं. गोठ्यात."

एवढं सगळं कबूल करतानाही माझ्या हातानं म्हशी चार पावलं लांब नेल्या होत्या. मी पेन काढून 'जवळ' खोडलं.

तिनं पुढचं वाचून संपवलं. मी विचारलं, "खाली तुमची सही..."

"माझी कशाला?" तिनं कागद माझ्याकडं सरकवला. "माझी एकदा झालीया. आता तुमी करा."

शेंगांच्या सुपावर कागद ठेवून मी सही केली. तिनं ती झाल्यावर पुन्हा एकदा चष्मा लावून बघितली.