‘उगी’ की ‘उभी’

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही — आणि त्याला मी काय काय सांगून जेरीस आणते ते त्यालाच विचारा! एका गाण्यातलं एक अक्षर, त्यात सांगायचं काय, असं मी स्वतःला कित्येक वर्षं समजावत आले. एवढंच ना? नाही. एवढंच नाही.

तेव्हा मी चेन्नईत होते. सांगलीहून नोकरीला गेलेली, सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. कंपनीची बस, खिडकीतून येणारा खारा वारा, आणि कानात आमच्या बाई. बाई म्हणजे गायिका. त्यांचं नाव या प्रकरणात नकोच. त्यांच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता. सगळे ईमेलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे आणि कचाकचा भांडायचे. गाजलेल्या गाण्यांवर नाही हं, ती कुणालाही येतात! भांडायचं ते कुणी न ऐकलेल्या गाण्यांवर. अशा गाण्यांचे शब्द मी कानाने उतरवायचे, आणि पुण्यापासून अमेरिकेपर्यंत सगळे म्हणायचे, तिने लिहिलंय ना, मग तसंच असणार. पंचविशीतच हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते मी. छान वाटतं तिथे — खोटं कशाला बोलू?

तर ते गाणं. मद्रासमध्ये रेकॉर्ड झालेलं, कधीच न आलेल्या एका सिनेमाचं. तबकडीवर कवीचं नावही नाही. बाईंचा आवाज त्यात असा, की भर दुपारी पंख्याखाली डोळा लागावा आणि आपण जागे आहोत की नाही ते कळू नये. मी शब्द उतरवले — ‘हाक आली ओळखीची, उभी राहिले मी’. वर त्या ‘उभी’वर चांगला चार पानी लेख लिहिला. हाक ऐकताच ताडकन उठलेली ती बाई, तिचा तो ताठ कणा, आणि काय काय. लोकांनी डोक्यावर घेतला. कुणीतरी त्यावर रडलं म्हणे.

आणि मग गोविंदरावांची मेल आली. चेन्नईतल्याच मैलापूरचे, तंजावरकडचे मराठी, आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. लिहिलं होतं मोजकंच — शब्द ‘उगी’ आहे, ‘उगी राहिले मी’. आम्ही घरी असेंच म्हणतो, उगी म्हणजे काही न बोलता. हें गाणें माझ्या बायकोनें लिहिलेलें. बायको, अंबुजाबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. त्यांचा भाऊ त्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायला होता. ऐन वेळी एक गाणं कमी पडलं, तेव्हा त्याने बहिणीचं गाणं नेऊन दिलं. हे सगळं त्यांना बायकोनेच सांगितलेलं; भाऊही आता नव्हता. आता ग्रुप बाईंच्या अनोळखी गाण्यांची पुस्तिका काढतोय, तर या गाण्याखाली तिचं नाव यावं. एवढंच मागणं होतं त्यांचं.

ग्रुपमध्ये नुसता शिमगा झाला. निम्मे म्हणाले, ‘उगी’ ऐकू येतंय खरं. निम्मे माझ्या बाजूने. आणि कुणीतरी लिहिलं, तीनशे वर्षं सांबारात भिजलेल्या मराठीने आम्हाला शब्द शिकवू नयेत. खूप हसले सगळे. — कुणीतरी कशाला? मीच लिहिलं ते.

गोविंदराव चिडले नाहीत. त्यांनी मला घरी बोलावलं; वही आहे, येऊन पाहा म्हणाले. ग्रुपनेही ठरवलं, ही चेन्नईतच आहे, ही जाऊन पाहील, ही सांगेल तो निकाल. शनिवारी दुपारी गेले. देवळामागची गल्ली, दारात पुसट झालेली कोलमची रांगोळी, आत गार लाल जमीन. त्यांनी स्वतः कॉफी केली. बोलणं तर असं, की पोथीतलं कुणीतरी उठून आलंय आणि मधेच तमिळ बोलतंय! त्या घरात मला फार बरं वाटलं. ते सांगायलाच हवं, कारण पुढे मी जे केलं ते रागाने केलेलं नाही.

वही मराठीच होती, पण तमिळ अक्षरांत. त्यांच्याकडे बायका तशाच लिहायच्या. मला तोवर बसच्या पाट्या वाचून वाचून तमिळ अक्षरं लागायला लागली होती, म्हणून मी बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. तमिळमध्ये क-ख-ग-घ यांना मिळून एकच अक्षर, आणि प-फ-ब-भ यांना मिळून दुसरं. ‘उ’ च्या पुढे होता तो स्वच्छ, ठसठशीत ‘क’. म्हणजे ‘उगी’. त्याच्या अलीकडे एक शब्द खोडलेला — ‘कप्प’, म्हणजे ‘गप्प’. आधी ‘गप्प’ लिहिलं, आवडलं नाही, खोडलं, मग ‘उगी’ सापडलं. दुसऱ्याचं गाणं ऐकून उतरवून घेणारा माणूस शब्द असा शोधत बसतो का हो?

वही मिटून त्यांना परत दिली. कॉफी प्यायले, पाया पडले, निघाले. ते जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, “तूं वाचलेंस अम्मा, आतां मला चिंता नाहीं.”

सोमवारी मी ग्रुपला लिहिलं. काय लिहिलं, ते जसंच्या तसं आठवतं. वही पाहिली; पण तमिळ लिपीत आपल्या पुष्कळ अक्षरांना एकच अक्षर असतं, त्यामुळे ‘उगी’ की ‘उभी’ हे त्यावरून ठरवता येत नाही. पाहा किती नेमकं खोटं! पहिला भाग खरा, दुसरा साफ थाप. ‘ग’ आणि ‘भ’ त्या लिपीतही एक नाहीत. पण पुण्याच्या कुणाला तमिळ येत होतं? आणि शेवटी एक ओळ घातली, सहज — आवडती गाणी ऐकून उतरवलेल्या अशा वह्या त्या काळी घरोघर असत.

का केलं? तो लेख. बास, तेवढ्यासाठी. तोंडघशी पडायचं नव्हतं मला.

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला, ऑफिसात. बाहेर जाऊन घेतला. रागावतील, लिपीवरून मला धारेवर धरतील असं वाटलं होतं, आणि खरं सांगते, तसं झालं असतं तर मी कबूल केलं असतं. पण लिपीचं त्यांनी नावच काढलं नाही. आवाज अगदी लहान झाला होता. म्हणाले, “अम्मा, तूं शिकलेली. खरें सांग. तिणें लिहिलें, कीं ऐकून उतरवलें?”

वाद ऐकायला तिथे कुणी नव्हतं. ग्रुप नव्हता, पुणे नव्हतं, अमेरिका नव्हती. एक म्हातारा माणूस आपल्या गेलेल्या बायकोबद्दल मला एकटीला विचारत होता.

मी म्हटलं, “सांगता येत नाही, काका.”

ते म्हणाले, “बरें.” मग माझी शनिवारची सुट्टी मोडली म्हणून त्यांनी माझी माफी मागितली.

पुस्तिका निघाली. गाण्याखाली ‘कवी अज्ञात’. पुढच्या वर्षी मी पुण्याला बदली घेतली, आणि काही वर्षांनी ग्रुपवरच कळलं की गोविंदराव गेले. श्रद्धांजलीच्या चार ओळी मीच लिहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात ती आपल्याशी एकदा खोटं बोलली, असं मनात धरून तो माणूस गेला असेल, तर ते माझ्यामुळे. ती खोटं बोलली नव्हती. अंबुजाबाईंनीच लिहिलं होतं ते, आणि मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.