खिळ्यावरची तिसरी माळ

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये वाद नको. अंगारे-धुपारे, मंत्र-तंत्र यांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले आणि पुढे आम्हा बहिणींना एकच शिकवलं, "विचारल्याशिवाय काय मानायचं नाय." मी मानत नाही. पण जे घडलं ते लपवणं हाही खोटेपणाच, म्हणून लिहितेय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कर्जत स्टेशनपासून दहा मिनिटांवर एका खासगी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. त्या वर्षी काविळीची साथ आली. लोक रक्त तपासायला यायचे ते कळंबकडच्या लाडकूबाईची माळ घालूनच! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — एका ओल्या वेलाचे बारीक तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवून ही माळ करतात. सुरुवातीला डोक्यावर टोपीसारखी बसते, मग लांबत लांबत गळ्यात उतरते, पोटापर्यंत येते. माळ वाढली की कावीळ उतरली, असा हिशोब. मी म्हणायचे, अहो, वेल वाळतो, आक्रसतो, गाठी सैल पडून दोरा सुटतो. यात कावीळ आली कुठून?

हे दाखवून द्यायचंच, असा चंग बांधला. लाडकूबाईकडून एकाच वेलाच्या, एकाच दिवशी केलेल्या तीन माळा आणल्या आणि लॅबच्या भिंतीवर तीन खिळ्यांना टांगल्या. प्रत्येकीखाली एका पेशंटच्या नावाची चिठ्ठी. एक शाळेतले गुरुजी, एक दूधवाला आणि तिसरी माझी धाकटी बहीण सुनंदा. तिला चौथा महिना चालू होता, आणि त्यात कावीळ. तिघंही बरी झाली की त्यांना सांगणार होते, बघा, माळ तुमच्याविनाच वाढली!

पंधरा दिवसांत गुरुजींची माळ हातभर झाली. दूधवाल्याचीही. सुनंदाची मात्र वीतभरच... वेलाचे तुकडे वाळून काटक्या झाले होते, पण माळ लांबली नाही. मी खिळे बदलले, पट्टी लावून तीनदा मोजली. मला तर रागच यायला लागला.

सुनंदा तर ठणठणीत! डोळे स्वच्छ, बिलीरुबिन नॉर्मल. डॉक्टर म्हणाले कावीळ गेली, सासूबाईंनी तेल-तिखट सुरू केलं. मी पुन्हा सुई घेऊन गेले तेव्हा ती वैतागली.

"ताई, आता कशाला गं? बरी हाय ना मी!"

"गप गं. त्या माळेचं तोंड बंद करायचंय मला."

तिघांचं रक्त बर्फाच्या थर्मासमधून मुंबईला पाठवलं, 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'साठी. हिपॅटायटिस बी शोधायची ती टेस्ट, आमच्याकडे तेव्हा कोणी करत नसे. गुरुजी निगेटिव्ह, दूधवाला निगेटिव्ह. त्यांची कावीळ पाण्यातली, आली तशी गेली.

सुनंदा पॉझिटिव्ह.

त्या भिंतीकडे पाठ करून बसले मी. खोटं कशाला बोलू, भीती वाटली. डॉक्टरांनी समजावलं — एका रिपोर्टवर निकाल लावायचा नाही, डोळे स्वच्छ झाल्यावरही विषाणू काही आठवडे रक्तात सापडतो, बहुतेकांचा पुढे आपोआप नाहीसा होतो. आठव्या महिन्यात पुन्हा पाठवलं. पुन्हा पॉझिटिव्ह. म्हणजे कावीळ गेली होती, विषाणू नाही. आणि बाळंतपणात तो बाळाला लागायची मोठी भीती.

भावजी मुंबईला धावले, लस आणि दुसरं एक इंजेक्शन बर्फात घालून आणलं. बाळ जन्मलं त्याच दिवशी दोन्ही टोचली. दीड वर्षाने भाचीचं रक्त मीच काढलं. निगेटिव्ह! त्या दिवशी मी हमसून हमसून रडले, सांगायला लाज नाही.

मग लाडकूबाईला गाठलं. म्हटलं, तुमची तिसरी माळ का नाही वाढली?

"कुनाच्या गल्यात हुती?"

"खिळ्यावर होती."

म्हातारी हसत सुटली. "खिल्यावर? अगं बाय, खिल्याला काय कावीळ झालीवती? मानसाला घालतात माळ. तुजं मोजायला चुकलं आसंल."

"तीनदा मोजली मी!" मी ओरडलेच.

"मंग गाठ माझीच घट्ट पडली आसंल," म्हणाली आणि वेल कापायला बसली.

गाठ घट्ट पडली! अगदी माझ्या तोंडचं उत्तर, आणि तेच मला पटेना. चिठ्ठ्या तर मी लावल्या होत्या, हाताला येतील तशा. मग घट्ट गाठीची माळ नेमकी सुनंदाच्याच नावावर कशी आली?

आता कोणी 'बघा माळेची शक्ती' म्हणून हे फॉरवर्ड केलंत तर माझ्याशी गाठ आहे. माळेने कुणाला बरं केलं नाही. पोरीला लशीने वाचवलं. कावीळ झाली तर रक्त तपासा, आणि डोळे स्वच्छ झाले म्हणून थांबू नका.

फक्त, बऱ्या झालेल्या बहिणीचं रक्त काढायला मला कोणी लावलं, एवढं मला विचारू नका. मला माहीत नाही.