कुंडलिक सरांची हजेरी

कुंडलिक सर नारायणगावच्या एका शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून नव्व्याण्णव साली लोणीला परत आले, ते एक ट्रंक, एक सायकल आणि भयंकर चिडका स्वभाव घेऊन. बायको आधीच गेली होती. चहाला बोलावलं तर साखर किती चमचे घातली ते आधी विचारायचे, आणि कोणी ‘अंदाजे’ म्हणालं की कप खाली ठेवायचे. ‘अंदाजे’ या शब्दावर त्यांचा दातच होता. गावात त्यांना फारसं कोणी बोलावत नसे.

पुढच्याच वर्षी सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं. पोरं पुस्तक घेऊन विचारायला यायची आणि आम्हा आयांची तोंडं बंद. मी स्वतः दहावीला इंग्रजीत दोनदा आपटलेली. सरांनी आपणहून सांगावा धाडला: दुपारी दोन ते तीन, भैरवनाथाच्या सभामंडपात, आयांसाठी वर्ग. पैसे नाहीत, पण उशीर चालणार नाही.

वेळ त्यांनी विचार करून धरली होती. भांडी घासून झालेली असतात, रानातल्या माणसांचा चहा व्हायचा असतो. तेवढाच तास सासूच्या डोळ्यांत खुपत नाही. आम्ही अकरा जणी जायला लागलो.

सरांची हजेरी जगावेगळी. ‘प्रेझेंट’ म्हणायचं नाही. सकाळपासून काय आणि किती झालं, ते एका वाक्यात सांगायचं. आय हॅव ब्रॉट सिक्स हंडाज. आय हॅव मेड ट्वेल्व्ह भाकरीज. भाकरीला इंग्रजीत शब्द नाही, भाकरीच म्हणा, असं सर सांगायचे. “काम झालंय म्हणून हॅव. किती झालंय म्हणून आकडा. आकडा खोटा तर वाक्य खोटं.” साळुबाईनं एकदा फुशारकीनं चाळीस भाकरी सांगितल्या. सर म्हणाले, “तुमच्या घरात माणसं पाच. चाळीस भाकरी खातंय कोण?” साळुबाई लाजली आणि पंधरावर आली.

खरं सांगते, मला तो तास फार आवडायचा. बाईनं दिवसभरात काय काय उपसलं ते आमच्याकडे कोणी मोजत नाही. इथं एक माणूस कान देऊन ऐकायचा.

शालन माझ्या शेजारी बसायची. तिचा नवरा भरत म्हणजे माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. तिची श्रेया आणि माझा ऋषी एकाच वर्गात. शालन कमी बोलायची, पण एकदा ऐकलेलं विसरायची नाही. दोन हजार एकच्या डिसेंबरात सरांनी नवी क्रियापदं दिली. त्यात ‘बीट’ होतं, क्रिकेटच्या मॅचचं उदाहरण देऊन शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी हजेरीला शालन उभी राहिली आणि म्हणाली, “माय हजबंड हॅज बीटन मी सेव्हन टाइम्स धिस मंथ.” या महिन्यात नवऱ्यानं मला सात वेळा मारलंय.

कोणीतरी हसलं. कोणीतरी कशाला, मीच हसले. सर म्हणाले, “करेक्ट. हजबंड एकटा, म्हणून हॅव नाही, हॅज. सगळ्यांनी ऐका. बसा.” आणि पुढचीला उठवलं.

शुक्रवारी आकडा आठ होता. पुढच्या मंगळवारी अकरा. सर दर वेळी ‘करेक्ट’ म्हणाले. मला त्यांचा राग येतो तो इथं. या वर्गात खोटा आकडा चालत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण एकतीस वर्षं तो कान फक्त चूक शोधत आला होता. वाक्यात चूक नाही म्हटल्यावर त्याला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

आणि आम्ही तरी काय केलं? शालनच्या दंडावरचे वळ आम्हाला रोज दिसत होते. पाण्याला जाताना मी तिला एकदा विचारलं, “मराठीत का सांगत न्हाईस गं?”

ती म्हणाली, “मराठीत सांगितलं की घरी कळतं.”

जानेवारीत ती दोन दिवस वर्गाला आली नाही. तिसऱ्या दिवशी मंचरच्या दवाखान्यात वारली. डोक्याला मार होता. माडीच्या जिन्यावरून पडली, असं घरच्यांनी सांगितलं.

सर त्याच दिवशी एकटे पोलीस ठाण्यात गेले. तिची तिन्ही वाक्यं त्यांनी तारखांसकट सांगितली. फौजदारानं विचारलं, “मग तुमी काय केलं, सर?”

“मी करेक्ट म्हणालो.”

खेडच्या कोर्टातही त्यांनी हेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. त्यांच्या सांगण्याला जोड हवी होती, म्हणून आमच्यातल्या पाच जणींना साक्षीला बोलावलं. निघताना नवरा म्हणाला, “काय सांगायचं ते तुझं तू बघ. पण आपल्याला ह्याच भावकीत ऱ्हायचंय. पोराला बी.” बाकीच्या घरांतही असंच बोलणं झालं असणार.

साळुबाई पहिली उभी राहिली. वकिलानं विचारलं, शालन काय म्हणाली ते कळलं का? “न्हाई सायेब. आमाला कुठं इंग्रजी येतंय.” दुसरीनं तेच सांगितलं. मग माझी पाळी आली. सर समोरच्या बाकावर बसले होते. मी म्हणाले, “मला इंग्रजी येत न्हाई.”

भरत सुटला. वर्षाच्या आत त्यानं दुसरं लग्न केलं. श्रेयाला तिच्या मामानं कळंबला नेलं. वर्ग तर शालन गेली त्याच दिवशी बंद पडला होता.

दोन हजार सहा साली सरांनी अंथरूण धरलं. मी दुपारी डबा घेऊन जायची. कोर्टाचा विषय आम्ही कधी काढला नव्हता. एक दिवस त्यांनीच काढला.

“तुमचं कोणाचं काही चुकलं नाही, बाई. दहा जणी ऐकत होतात, पण मी नीट शिकवलंच नव्हतं, म्हणून एकीलाही कळलं नाही. कळलं असतं तर कोणीतरी तिला वाचवलं असतं. कळलं होतं ते मला एकट्याला.”

सर, मला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. आपलं शिकवणं फुकट गेलं नाही, एवढं तरी समाधान त्या माणसाला मिळालं असतं. पण तसं म्हटलं असतं, तर शालनच्या मरणातला वाटा मलाही उचलावा लागला असता. मी भात कालवला आणि म्हटलं, “जेवून घ्या, सर.”

पुढच्या महिन्यात ते वारले. मला इंग्रजी येत नाही, हेच खरं धरून गेले.