डुकरासाठी खणलेला खड्डा

स्वारगेटजवळच्या एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल मांडून मी लोकांचे अर्ज लिहून देतो. माझे शिक्षण नववीत थांबले; भाषेचे थांबले नाही. अर्जाच्या तळाशी लिहिणारा म्हणून माझी सही असते. त्यामुळे अर्जदार जे सांगतो त्यामागे काय दडले आहे, ते आधी हुडकून काढणे मी माझे कर्तव्य समजतो.

दसऱ्याच्या सुमारास हडपसरच्या पलीकडून एक बाई आल्या. रानडुकरे मारण्याची परवानगी हवी होती.

"मका उभा हाय माझा. रोज पहाटं कळप शिरतोय. ह्या मक्यावर माझ्या म्हशी वर्ष काढत्यात. तो गेला की म्हशींना बाजार दावायचा."

सोबत पेठेतले एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. घड्याळाच्या दुकानातून निवृत्त झालेले, घरात वडिलांपासून चालत आलेली बंदूक, परवाना चोख. चहापलीकडे ते काही घेणार नव्हते. तेथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"मांसाचे काय करणार?" मी विचारले.

"पुरायचं. अहो, मी ते खात नाही. परवान्यावरचं नाव वाचलंत ना आपण?"

"मग आपण मारायला का जाता?"

"बाईंनी विचारलं म्हणून. खाणारा आणला असता तर आपण अर्ज लिहिला असता?"

"खाणाऱ्याचा हेतू कळतो. न खाणाऱ्याचा कळत नाही."

"वा! आपण वकील व्हायचे राहून गेलात."

अर्जात मी स्वतःच्या बुद्धीने एक कलम घातले. प्रत्येक गोळी त्रयस्थ पंचाच्या संमतीनेच झाडली जाईल. मेलेले जनावर पुरण्याकरिता पुरुषभर खोल खड्डा अगोदरच खणला जाईल. आणि खड्डा पूर्ण भरेपर्यंत पंच तेथून हलणार नाही. पंच म्हणून मी स्वतःचेच नाव टाकले, कारण दुसऱ्या कोणाची खात्री मला देता येत नव्हती. परवानगी आली, ती माझ्या कलमासकट. साहेबांनी त्यातला स्वल्पविरामही हलवला नव्हता. आता माझ्यावाचून बंदूक उडू शकत नव्हती.

"तुम्हीच लिवलंय, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या. "या आता पहाटं."

पहिल्या बसने मी जाऊ लागलो. मक्याच्या एका अंगाला ओढा आणि बाभळी होत्या. डुकरे तिकडूनच येत. खड्डा खणून तयार होता. मी काठीने त्याची खोली तपासली. सुरुवातीला कळप आलाच नाही. आम्ही येतो त्या दिवशी नेमका येत नाही, याचा अर्थ काय घ्यावा, हे मी त्या दोघांनाही विचारले. उत्तर समाधानकारक नव्हते.

मग एका सकाळी उजाडताना मक्याची ताटे मोडल्याचा कडाकड आवाज आला. एक थोराड नर बांधाला लागूनच कणसे चघळत होता. म्हाताऱ्यांनी बंदूक उचलली.

"पंचसाहेब, संमती?"

मी मान हलवणार, तोच ते हळूच म्हणाले, "त्याच्याकडे नको. त्याच्या मागं बघून द्या."

मागे नवी इमारत होती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बनियनमधला एक माणूस, तोंडात ब्रश धरून, कुंड्यांना पाणी घालत होता. सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात मारण्याचा हा डाव असावा, असे मला वाटले.

"गोळी आपली. अंदाजही आपलाच हवा," मी म्हणालो.

"कलम मात्र आपलं."

आम्ही वाकून दुसऱ्या बाजूला गेलो. तेथून ओढ्याच्या पलीकडे बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या दिसत होत्या आणि चुली पेटलेल्या होत्या. तिसऱ्या बाजूला रस्ता, त्यावर दूधवाले. मी संमती दिली नाही, त्यांनीही पुन्हा मागितली नाही. कळप पोटभर खाऊन सावकाश निघून गेला.

"दोन बाप्ये आन एक बंदूक," बाई म्हणाल्या, "आन डुकरं ढेकर देऊन गेली."

चहा घेताना मी म्हाताऱ्यांना विचारले, "आपण जागा आधी पाहिली नव्हती?"

"पाहिली होती ना, काही वर्षांपूर्वी. तेव्हा मागं नुसता माळ होता."

उत्तर जरा जास्तच तयार होते, एवढे मी मनात टिपून ठेवले.

बाईंनी मात्र कोणाची वाट पाहिली नाही. "कापते मका. हिरवा तर हिरवा. मुरघास घालते. खड्डा आयता हाय."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा निम्मा मका आडवा झाला होता. डुकरासाठी खणलेल्या खड्ड्यात त्यांनी प्लॅस्टिक अंथरले होते आणि यंत्रातून मक्याची बारीक कुट्टी पडत होती. तुडवून हवा काढून टाकली म्हणजे असा चारा महिनोन् महिने टिकतो. म्हाताऱ्यांनी बंदूक गोठ्यात टेकवली, बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बाईंच्या दिरासोबत खड्ड्यात उतरून तुडवू लागले.

"वरीस निघंल?" दिराने विचारले.

"कशाचं वरीस? उन्हाळा गाठंल. ती बांडी म्हस जाईल बाजारात." बाईंनी हे पाठमोऱ्या राहूनच सांगितले.

मी काठावर उभा होतो. कलमात जनावराचे नाव होते, मक्याचे नव्हते. पण खड्डा तोच होता, आणि तो भरेपर्यंत हलायचे नाही, असे मीच लिहिले होते. यंत्रातून काय पडते, ते प्रत्येक वेळी वाकून पाहिले. शेवटी प्लॅस्टिक ओढून त्यावर माती लोटली.

म्हातारे पाय झटकत वर आले. "झाली खात्री?"

"वरून मका दिसला," मी म्हणालो.