रायफलीसाठी सांगितलेली भीती

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा कधी सांगितली नाही. रायफल कशी मिळाली असं कुणी विचारलं, की मी रानडुकरांचं नाव पुढं करायचो आणि विषय तिथंच संपवायचो. डुकरं खरीच होती. बाकीचं खरं नव्हतं.

निवृत्तीनंतर मी पडेगावात घर बांधलं, पण जीव खुलताबादकडच्या शेतात असायचा. वडिलांची ठासणीची बंदूक त्यांच्यामागं सरकारजमा झाली, ते मनाला लागून राहिलं होतं. मग एका दुकानात ती लिव्हरची रायफल दिसली. घोड्याभोवतीची कडी खाली ओढायची, परत वर घ्यायची, की पुढची गोळी आत. दुकानदारानं रिकामीच चालवून दाखवली. खटक-खटक. त्या आवाजावर मी भाळलो.

परवान्याची कामं करणारा एक जाणकार म्हणाला, "काका, नुसती डुकरं सांगत बसाल तर वर्षं जातील. जिवाला धोका दाखवा. बांधाला कुणी भांडखोर असंलच की."

बांधाला माझा लहानपणचा दोस्त होता. भांडण म्हणाल तर एकदा लिंबाच्या फांदीवरून झालेलं, तेही त्याच दिवशी चहावर मिटलेलं. मी ठाण्यात जाऊन सांगितलं, की तो कुऱ्हाड घेऊन अंगावर आला.

ठाण्यातून त्याला बोलावणं आलं तेव्हा तो थेट माझ्याकडंच आला. "गड्या, कुणीतरी माझी तक्रार केलीय म्हणं. मला काय बोलता येतंय तिथं? तू शिकलेला, चल संगं."

माझ्याच स्कूटरवर मागं बसून तो ठाण्यात आला. वाटेत सांगता आलं असतं. मी पेट्रोल किती महागलं यावर बोलत राहिलो.

जमादारानं आम्हाला बाकावर बसवून विचारलं, "काय बाबा, ह्यांच्यावर कुऱ्हाड उगारली का?"

तो आधी हसला. मी मस्करी केली असं त्याला वाटलं. "ह्याच्यावर? साहेब, ह्याची मका मी राखतो. सांग की रे साहेबाला."

जमादार माझ्याकडं वळला. "उगारली ना, काका?"

मी वरच्या पंख्याकडं बघत मान हलवली.

त्याचं हसू जायला थोडा वेळ लागला. जमादारानं दम देऊन सोडल्यावर त्यानं टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. बाहेर मी स्कूटर चालू केली, "बस" म्हणालो.

"नको. मागं बसलो अन् तुला भ्या वाटलं तर?" असं म्हणून तो चालत निघाला.

रायफल आली. गुलमंडीतून पेढे आणले. खंडेनवमीला तिला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याला तो येणार नाही असं धरून चाललो होतो, पण दरवर्षीसारखा तो सोनं द्यायला आला. पाटाकडं बघून म्हणाला, "हीच व्हय, माझ्या भ्यानं घेतलेली? लई देखणी हाय." आपट्याचं पान माझ्या हातात न देता त्यानं रायफलीवर ठेवलं. चहा घेतला नाही. पुन्हा कधी आला नाही.

आधी तो पत्र्याचा डबा बडवत दोन्ही रानांतली डुकरं हाकायचा. पुढच्या हंगामात त्याचा आवाज बांधापाशी थांबायला लागला. माझी मका गेली. डुकरावर गोळी झाडायची तर वनखात्याची परवानगी लागते, ती मी मागितलीच नाही. रायफल कपाटातून निघते ती फक्त निवडणुकीत ठाण्यात जमा करायला. तोच बाक, तोच पंखा.

गेल्या उन्हाळ्यात त्याला शहरातल्या दवाखान्यात आणलं होतं. मी गेलो. त्याची बायको म्हणाली, "बोला की भाऊजी, ऐकू येतंय त्यांना." मी स्टुलावर बसून त्याचा हात हातात घेतला. त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघत राहिला. तो वाट बघत होता, हे मला कळत होतं.

मी विचारलं, "यंदा रानात काय पेरलंय?"

त्यानं डोळे मिटून घेतले. त्याच आठवड्यात तो गेला.

स्टुलावर बसून म्हणायचं होतं ते एवढंच: गड्या, मला तुझी भीती कधीच वाटली नाही. मी खोटं बोललो. मला माफ कर.