पुंजारामचा किल्ला

पडेगावात आमच्या भिंतीला भिंत लावून पुंजाराम साउंडवाला राहतो. बारसं असो, कीर्तन असो, भोंगे त्याचेच. कर्ण्यांजवळ राहून ऐकू कमी येतं, असं तो बायकोला सांगतो. आमच्या घरात मटणाच्या कुकरची शिट्टी झाली की मात्र वाटी घेऊन हजर.

त्याचा सगळा जीव एका डब्यात. ग्राफिक इक्वलायझर. समोर एकतीस सरकती बटणं ओळीनं उभी. डावीकडची जाड आवाजाची, उजवीकडची बारीक. बटण वर केलं की तो आवाज वाढतो, खाली केलं की दबतो. लोक हे कानानं लावतात, आमच्या पठ्ठ्यानं डोळ्यानं लावलं. एकदा बटणांची ओळ गच्चीवरून दिसणाऱ्या देवगिरी किल्ल्यासारखी दिसली, डावीकडं उभा कडा, उजवीकडं उतार. त्या दिवशी कुणी शिव्या दिल्या नाहीत. तेव्हापासून त्यानं बटणाला बोट लावलं नव्हतं.

यंदा मामला नाजूक होता. क्रांती चौकातल्या इंद्रजीतनं नवी डिजिटल सिस्टीम आणली होती. नवरात्र मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब म्हणाले, "पुंजाराम, नवमीचं माझं भाषण नीट झालं तर पुढच्या सालीबी तू. नाय तर इंद्रजीत." मंडळ गेलं की गल्लीतली लग्नंही जाणार, या धास्तीनं पुंजाराम दोन्ही वेळा उपाशी. म्हणजे आमच्याकडंच जेवत होता.

आणि नेमकी खंडेनवमी आली. अवजारांच्या पूजेचा दिवस. त्याची बायको आवडाबाई हिनं डबा पुसला, कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि वरखाली बटणं बघून सगळी एका ओळीत आणली.

"अगं बाई, किल्ला पाडलास की!" पुंजाराम बोंबलला.

"पूजेला पडक्या दातावाणी ठेवायचं असतं व्हय?"

किल्ला बघून पुन्हा लावावा म्हणून तो गच्चीवर पळाला. पण किल्ल्याच्या आड आता चार मजली इमारत. खाली आला तो रडवेला.

"सरका," आवडाबाई म्हणाली, "माझं माहेर किल्ल्याच्या पलीकडं, खुलताबादला. रोज बघत वाढले." आणि तिनं पटापटा बटणं बसवली.

"कडा डावीकडं व्हता गं!"

"तुमच्याकडून असंल. माझ्या माहेराहून उजवीकडंच दिसतो. व्हय की नाय, भाऊजी?"

मी म्हणालो, "वहिनी, माहेरच्या किल्ल्याला कोण हात लावणार?" मला काय, फुकटचा तमाशा.

तर असा उलटा किल्ला घेऊन पुंजाराम मंडपात गेला. जाड आवाज दबलेला, बारीक चढलेला. तात्यासाहेबांचं भाषण म्हणजे दरसाल घूं घूं घूं. शब्द कळत नसे, आम्ही फक्त थांबले की टाळ्या वाजवायचो. यंदा त्यांनी तोंड उघडलं आणि एकेक अक्षर टणाटण कानावर आदळलं:

"माझ्या बोअरचं पाणी मी आजपासून अख्ख्या गल्लीला खुलं करतो!"

आठवड्यातून एकदा नळ बघणारी माणसं आम्ही. लगेच गल्लीतल्या द्वारकाबाई उठल्या, "तात्यासाहेब, किती वाजता यावं?"

तात्यासाहेबांनी माइककडं असं बघितलं, जणू तो चावला. "अहो... मी तर दरसाल म्हणतो. कुणी आलंच नाय कधी."

"ऐकू आलं तर येणार ना!"

झालं! सकाळी त्यांच्या गेटासमोर हंडे, बादल्या, ड्रम, आमच्या सौभाग्यवतीचा धुण्याचा टब. तात्यासाहेब बनियनवर मोटार चालू-बंद करत उभे. आता आपलं काम गेलं, म्हणून पुंजाराम भिंतीला चिकटलेला. तेवढ्यात इंद्रजीत बुलेटवरून उतरला, कार्ड पुढं केलं.

"तात्यासाहेब, पुढच्या वर्षी आपली सिस्टीम लावू. कुजबुजलात तरी मागच्या रांगेतली म्हातारी शब्द न शब्द सांगंल."

तात्यासाहेब पांढरे पडले. "चल, निघ! निघ म्हणतो ना!" मग पुंजारामला जवळ ओढलं. "पुढच्या सालीबी तूच. त्याच्या पुढच्याबी. पण आवाज पहिल्यावाणी जाड पायजे. काय?"

"काय म्हणालात? जरा मोठ्यानं," पुंजाराम म्हणाला.

तात्यासाहेबांनी रांगेकडं बघितलं आणि तोंड गच्च मिटून नुसती मान हलवली.